गुडघाभर पाण्यानं भिंत कशी पडते?

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत एवढा पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदी काठ सोडून वस्त्यांमध्ये शिरली. उजाडल्यावर आमच्या गल्लीतलं पाणी ओसरलं, तेव्हा शेजारच्या काकांची कंपाउंडची भिंत आडवी पडलेली दिसली. पाच फूट उंचीची, नऊ इंची, सिमेंटात बांधून प्लास्टर केलेली भिंत. तिच्या एका बाजूला खोलगट रिकामा प्लॉट होता, त्यात पाणी तुंबलं होतं. दुसऱ्या बाजूचं पाणी उताराच्या रस्त्यानं निघून जात होतं. उभ्या राहिलेल्या तुकड्यावर गाळाची रेघ उमटली होती. मी टेप लावून पाहिला, तर रेघ जमिनीपासून ८४ सेंटिमीटरवर होती. म्हणजे तीन फूटसुद्धा नाही.

जमलेल्या सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: एवढ्याशा पाण्यानं भिंत पडली म्हणजे माल खराब असणार. मी पॉलिटेक्निकमध्ये हायड्रॉलिक्स शिकवते. त्या दिवशी दुपारी वहीत हिशेब मांडला आणि काकांना दाखवला. माल उत्तम असता तरी त्या भिंतीची पडायची वेळ आलीच होती. हा हिशेब अवघड नाही. दहावीचं गणित झालेल्या कुणालाही तो कळतो, आणि ज्याच्या घराला कंपाउंड आहे, हौद आहे किंवा तळघर आहे, त्याला तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात एका ठोकळ्यापासून करू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच हौद. त्यात १,००० लिटर पाणी मावतं आणि त्याचं वजन १,००० किलो, म्हणजे एक टन. हे सगळं वजन तळाच्या एका चौरस मीटरवर बसतं. म्हणून एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला एक टन. दोन मीटरवर दोन टन, अर्ध्या मीटरवर अर्धा टन. पृष्ठभागावर शून्य. जितके मीटर खोल, तितके टन. एवढं लक्षात ठेवलं की पाण्याचा दाब पाठ झाला. (बळ मी बाजारातल्यासारखं किलोत सांगते आहे. परीक्षेत न्यूटन हवे असतील तर किलोला ९.८१ने गुणायचं.)

हा दाब खालच्या दिशेनं झाला. भिंत तर बाजूला असते. विटांची चवड रचली तर ती जमिनीला दाबते, शेजारी उभ्या माणसाला ढकलत नाही. मग पाणी का ढकलतं? कारण वीट आपला आकार धरून उभी राहते आणि पाण्याला ते येत नाही. वरून दाबलं की ते वाट मिळेल तिकडे निसटू पाहतं. साचून स्थिर झालेल्या पाण्यात एखाद्या ठिकाणी खालच्या दिशेचा दाब जास्त आणि आडवा दाब कमी असता, तर पाणी तिथून आडवं सरकलं असतं आणि दोन्ही सारखे होईपर्यंत सरकत राहिलं असतं. पाणी स्थिर आहे, याचाच अर्थ त्या ठिकाणी दाब सगळ्या दिशांना सारखा आहे. सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं हा नियम ओळखला जातो. म्हणजे एक मीटर खोलीवर भिंतीलाही आडवा दाब दर चौरस मीटरला एक टनच.

इथे एका चित्राबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बाटलीला वरून खाली तीन भोकं पाडलेली, आणि सर्वांत खालच्या भोकाची धार सर्वांत लांब पडते आहे, असं चित्र अनेक ठिकाणी छापलेलं असतं. बाटली जमिनीवर ठेवून करून पाहा, तसं होत नाही. खालच्या भोकातून पाणी सर्वांत वेगानं निघतं हे खरं, पण त्याला खाली पडायला उंचीच मिळत नाही. सर्वांत लांब जाते ती मधल्या भोकाची धार. चित्रातला दाबाचा मुद्दा बरोबर असतो आणि धार चुकीची काढलेली असते. मुलं घरी प्रयोग करतात, पुस्तकासारखं होत नाही म्हणून स्वतःला चुकीचं समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. बाटली टेबलाच्या कडेवर ठेवली आणि पाणी बरंच खाली जमिनीवर पडू दिलं, तर मात्र खालची धार पुढे जाते.

पट्ट्यांचा हिशेब

आता खरा प्रश्न. दाब वर शून्य आणि खाली जास्त, मग अख्ख्या भिंतीवर मिळून बळ किती? दाब जागोजागी वेगळा असल्यामुळे सरळ गुणाकार चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे भिंतीचे आडवे पट्टे करायचे, इतके अरुंद की एका पट्ट्यात दाब जवळजवळ सारखाच राहील.

दोन मीटर खोल पाणी घेऊ आणि भिंतीची एकच मीटर लांबी विचारात घेऊ. वीस-वीस सेंटिमीटरचे दहा पट्टे करू. प्रत्येक पट्ट्याचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर. सर्वांत वरच्या पट्ट्याचा मध्य १० सेंटिमीटर खोल, तिथे दाब १०० किलो, बळ झालं २० किलो. दुसऱ्याचा मध्य ३० सेंटिमीटरवर, बळ ६० किलो. तिसऱ्यावर १००, मग १४०, १८०, असं करत दहाव्यावर ३८० किलो. ही यादी नीट पाहा: वीस एके, वीस त्रिक, वीस पाचे, वीस साते. विषम संख्या आल्या. पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज १०० असते, म्हणून एकूण बळ २० गुणिले १००, म्हणजे २,००० किलो. बरोबर दोन टन.

पट्टे दहाच्या ऐवजी शंभर केले तरी उत्तर दोन टनच येतं, कारण दाब खोलीप्रमाणे सरळ रेषेत वाढतो आणि पट्ट्याच्या मध्यावरचा दाब हीच त्या पट्ट्याची अचूक सरासरी असते. सरासरीचा हाच विचार अख्ख्या भिंतीला लावला की पट्ट्यांचीही गरज उरत नाही. वर दाब शून्य, तळाशी दोन टन, सरासरी एक टन. भिजलेलं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. बळ दोन टन. सूत्र म्हणून लिहायचं तर दर मीटर लांबीमागे बळ म्हणजे खोलीच्या वर्गाचं अर्ध, आणि उत्तर टनांत.

ही पट्ट्यांची वाट फार जुनी आहे. सायमन स्टेविन नावाचा ब्रुज शहरातला अभियंता होता. त्यानं १५८६ साली पाण्याच्या वजनावर पुस्तक लिहिलं आणि उभ्या भिंतीवरचं बळ पट्टे पाडूनच काढलं. न्यूटनचा जन्म व्हायला तेव्हा अर्धशतकाहून जास्त अवकाश होता, बदलत्या राशींचं गणित, म्हणजे कॅल्क्युलस, अजून यायचं होतं. त्याच्या विचाराची पद्धत आपल्या भिंतीवर लावून पाहू. चार पट्टे केले. प्रत्येक पट्ट्यावर त्याच्या वरच्या कडेचाच दाब धरला तर बेरीज येते १,५०० किलो. खरं बळ याहून जास्तच असणार. खालच्या कडेचा धरला तर येते २,५०० किलो. खरं बळ याहून कमीच असणार. दहा पट्टे केले की खरं उत्तर १,८०० आणि २,२०० यांच्यात सापडतं. हजार पट्टे केले की १,९९८ आणि २,००२ यांच्यात. दोन्हीकडून दारं मिटत आली की मधे एकच आकडा उरतो. इंटिग्रेशन म्हणजे हेच. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते चिन्ह पाहून घाम फुटतो, पण पट्टे दाखवले की त्यांचे चेहरे उजळतात.

पट्ट्यांचा आणखी एक फायदा आहे. जोर कुठे एकवटला आहे ते लगेच दिसतं. खालचे तीन पट्टे घ्या: ३००, ३४० आणि ३८०, मिळून १,०२० किलो. म्हणजे भिंतीच्या खालच्या ३० टक्के भागावर निम्म्याहून जास्त जोर. वरच्या तीन पट्ट्यांवर मिळून फक्त १८० किलो.

फुटाळ्याएवढा तलाव आणि हातभर पाणी

दरवर्षी वर्गात मी विचारते: फुटाळ्याएवढ्या तलावाला दोन मीटर खोल पाणी अडवणारी भिंत घातली, आणि दुसरीकडे तसल्याच भिंतीमागे फक्त हातभर रुंदीच्या चरात दोन मीटर खोल पाणी भरलं. कुठल्या भिंतीवर जोर जास्त? बहुतेक हात तलावासाठी वर होतात. उत्तर आहे: दोन्हीकडे सारखा.

हे पटायला जड जातं, म्हणून असं पाहा. तलावात भिंतीपासून हातभर अंतरावर एक पातळ प्लास्टिकचा कागद उभा सोडला आहे अशी कल्पना करा. कागदाच्या दोन्ही बाजूंना सारखंच खोल पाणी, दोन्हीकडून सारखाच रेटा, त्यामुळे कागद जागचा हलत नाही. भिंतीला काही फरक पडला? नाही. आता कागदाच्या जागी भक्कम पत्रा घट्ट बसवा आणि त्याच्या मागचा सगळा तलाव उपसून टाका. भिंत आणि पत्रा यांच्यात हातभर पाणी उरलं, पण त्याची पातळी तीच, प्रत्येक खोलीवरचा दाब तोच. म्हणून भिंतीवरचा जोरही तोच. मागच्या तलावाला आतापर्यंत पाणी थोपवत होतं, आता पत्रा थोपवतो आहे, इतकंच. सूत्रात पाण्याचा पसारा कुठेच नव्हता हे आता लक्षात येईल. त्यात आहे फक्त खोली.

पसाऱ्याला अर्थ नाही असं मात्र नव्हे. मोठ्या तलावावर वारा लाटा उठवतो आणि त्या भिंतीवर आदळतात. भिंत फुटलीच, तर बाहेर किती पाणी लोटणार हे पसाऱ्यावरच ठरतं. पण भिंत उभी राहील की नाही, याचा पहिला हिशेब खोलीचा.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव आहेत, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी ते बांधले. त्यांची मातीची पाळ वर अरुंद आणि तळाशी खूप रुंद असते. सूत्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं, तरी पाण्याचा जोर कुठे असतो ते त्या हातांना पक्कं ठाऊक होतं.

कूलर, विसर्जनाचं टाकं आणि पट्ट्या

घरातलं उदाहरण घ्यायचं तर नागपुरात कूलरसारखं दुसरं नाही. अडीच फुटी चौकोनी लोखंडी टाकी आणि त्यात ३० सेंटिमीटर पाणी. टाकीची एक बाजू साधारण ७५ सेंटिमीटर. सरासरी दाब १५० किलो, क्षेत्रफळ ०.२२५ चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूच्या पत्र्यावर जवळजवळ ३४ किलोचा रेटा. सिमेंटच्या गोणीच्या दोनतृतीयांश. पत्र्याचा हा जोर मुख्यतः तळाच्या जोडावर येतो, आणि ओलावाही तिथेच टिकतो. दर उन्हाळ्यात टाकी तळाच्या कोपऱ्यातूनच गळायला लागते त्यामागे गंज आणि दाब दोघंही आहेत.

गणपतीत चौकाचौकांत विसर्जनासाठी कृत्रिम टाकी उभारतात. तीन मीटर बाजूचं चौकोनी टाकं आणि १.२ मीटर पाणी धरा. सरासरी दाब ६०० किलो, एका बाजूचं क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर, बळ २,१६० किलो. म्हणजे प्रत्येक बाजूवर दोन छोट्या मोटारींच्या वजनाएवढा रेटा. अशा टाक्याला बाहेरून तीन आडव्या लोखंडी पट्ट्या मारायच्या असतील तर कुठे माराव्यात? सहज हात जातो तो समान अंतरांकडे. तसं केलं तर खालच्या पट्टीवर बोजा पडतो आणि वरची बरीचशी रिकामी राहते. तिन्हींवर सारखा बोजा हवा असेल तर पाण्याच्या पृष्ठभागापासून ४६, ८४ आणि १०९ सेंटिमीटर खोल माराव्या लागतात. शेवटची पट्टी तळापासून जेमतेम ११ सेंटिमीटर वर येते. पाण्याच्या जुन्या, उंच लाकडी टाक्यांच्या पट्ट्या खाली दाट दिसतात त्याचं कारण हेच. १.२ मीटर पाण्याचं टाकं उभारणाऱ्या प्रत्येकानं हे तीन आकडे खिशात ठेवावेत.

धरणाचं दार पाण्यात खोल बुडालेलं असेल तर हिशेब उलट सोपा होतो. दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच दार, त्याची वरची कडा पृष्ठभागाखाली १० मीटरवर. दाराचा गुरुत्वमध्य ११.५ मीटरवर, तिथला दाब ११.५ टन, क्षेत्रफळ सहा चौरस मीटर, बळ ६९ टन. कुठल्याही आकाराच्या सपाट दाराला हा नियम चालतो: गुरुत्वमध्यावरचा दाब गुणिले क्षेत्रफळ. एवढ्या खोलीवर वरच्या आणि खालच्या कडेच्या दाबात फार फरक राहत नाही, म्हणून बळाचं केंद्र, म्हणजे सगळं बळ जिथे एकवटलं आहे असं धरता येतं ती जागा, गुरुत्वमध्याच्या फक्त साडेसहा सेंटिमीटर खाली असतं. नागपुरातल्या आपल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेला ज्यांचं नाव आहे, त्या विश्वेश्वरय्यांनी पाणी ठरावीक पातळीवर चढलं की आपोआप उघडणारी दारं बनवली आणि ती १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला बसवली. दाराचा हिशेब शिकवताना हे नाव घ्यायला मला आवडतं.

भिंत पडते ती नेमकी कशानं

पुन्हा काकांच्या भिंतीकडे येऊ. भिंत किती बळानं ढकलली जाते एवढं कळून पुरत नाही, ते बळ किती उंचीवरून ढकलतं हेही लागतं. दार बिजागरीजवळ ढकललं तर उघडायला कष्ट पडतात, कडेला ढकललं तर सहज उघडतं. तसंच इथेही. पाण्याचा दाब त्रिकोणी असतो, वर शून्य आणि खाली भरपूर. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य तळापासून एकतृतीयांश उंचीवर असतो, म्हणून सगळं बळ तिथे एकवटलं आहे असं धरता येतं. याला दाबकेंद्र म्हणतात.

बळ खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतं आणि त्याची तळापासूनची उंची खोलीप्रमाणे. दोन्हींचा गुणाकार म्हणजे भिंत उलथवणारा मोमेंट, आणि तो खोलीच्या घनाप्रमाणे वाढतो. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पाणी दुप्पट चढलं की भिंतीवरचा रेटा चौपट होतो आणि तिला उलथवणारा जोर आठपट.

भिंतीकडे तो जोर परतवायला काय असतं? मुख्यतः तिचं स्वतःचं वजन. नऊ इंची म्हणजे २३ सेंटिमीटर जाडी, दीड मीटर उंची, वीटकामाचं वजन घनमीटरला सुमारे १,९०० किलो. एक मीटर लांबीचं वजन झालं साधारण ६५५ किलो. भिंत उलथताना बाहेरच्या खालच्या कडेवर फिरते, आणि वजन त्या कडेपासून निम्म्या जाडीवर, साडेअकरा सेंटिमीटरवर असतं. गुणाकार ७५. म्हणजे भिंतीची ताकद ७५ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचे किलोमीटर नव्हे).

पाण्याची बाजू: खोलीचा घन, गुणिले १,०००, भागिले सहा. अर्ध्या मीटरला येतात २१. साठ सेंटिमीटरला ३६. पंचाहत्तरला ७०. सत्त्याहत्तरला ७६, आणि भिंत हरली. काकांच्या भिंतीवरची रेघ ८४वर होती, तिथे हा आकडा ९९ होतो. पाणी ६० वरून ८४ सेंटिमीटरवर चढलं, म्हणजे जेमतेम वीतभर, आणि उलथवणारा जोर पावणेतीनपट झाला. रात्री एक वाजता निर्धास्त उभी असलेली भिंत पहाटे का पडते, ते या घनात आहे.

शिवाय भिंत पडायच्या बरीच आधी दुखावते. वजन आणि पाण्याचा रेटा यांच्या एकत्रित बळाची रेषा तळाच्या मधल्या एकतृतीयांश भागाबाहेर गेली की पाण्याच्या बाजूचा सांधा ताणला जातो. वीटकामाला दाब सोसतो, ताण फारसा सोसत नाही. आपल्या भिंतीत ही वेळ ५३ सेंटिमीटरला येते. त्यापुढे भिंत उभी दिसते ती सिमेंटच्या चिकटण्यावर. तडा गेला की पाणी तड्यात शिरतं, आणि हिशेब आणखी बिघडतो.

चार इंची भिंत असेल तर? वजन निम्मं, जाडीही निम्मी, म्हणून ताकद पाव. तोच हिशेब केला की ती ४८ सेंटिमीटर पाण्याला हरते. गुडघ्याएवढं पाणी. मधे खांब असतील, पाया खोल असेल, सळया असतील तर भिंत जास्त टिकते. मी इथे फक्त वजनाचा हिशेब मांडला आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी कंपाउंड भिंती खरोखर नुसत्या वजनावरच उभ्या आहेत. पाऊस चालू असताना एका बाजूला पाणी तुंबलेल्या भिंतीशेजारी गाडी लावू नका आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. दोन्ही बाजूंना सारखं पाणी असेल तर दोन रेटे एकमेकांना खोडतात. संकट असतं ते पातळीतल्या फरकात. म्हणूनच पुरानंतर तळघरातलं पाणी मोठा पंप लावून एकदम उपसू नये. बाहेरची माती पाण्यानं भरलेली असते, आणि आतलं पाणी जितकं उतरेल तितक्या तळघराच्या भिंती एकट्या पडतात. बाहेरची पातळी उतरत जाईल तसं हळूहळू उपसावं.

वर्ग आणि घन यांचा विसर पडला की काय होतं, त्याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या बोस्टनचं आहे. तिथे साखर उद्योगातली मळी साठवायची सुमारे १५ मीटर उंचीची लोखंडी टाकी होती. १५ जानेवारी १९१९ रोजी ती फुटली आणि मळीच्या लोंढ्यात २१ माणसं गेली. वापरण्याआधी ती तपासली होती ती फक्त सहा इंच पाणी भरून. सहा इंच म्हणजे १५ सेंटिमीटर, उंचीचा शंभरावा भाग. तळाचा दाब शंभरावा भाग, आणि भिंतीवरचा एकूण रेटा दहा हजारावा भाग. वर मळी पाण्याहून जवळजवळ दीडपट जड. त्या तपासणीनं टाकीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

पाण्यानं भरलेली माती

काकांच्या शेजारच्या प्लॉटवर आता बांधकामासाठी तीन फूट भर पडली आहे. भिंत पुन्हा बांधायची होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, आता तर माती आली, पाणी कुठून साचते?"

मातीचा हिशेब पाण्यासारखाच त्रिकोणी असतो, फक्त कोरडी माती स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या भागाएवढाच आडवा रेटा देते, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. घनमीटरला १,८०० किलो धरले तर दर मीटर खोलीला ६०० किलो. तीन फूट, म्हणजे ०.९ मीटर कोरड्या भरीचा मोमेंट येतो ७३. नऊ इंची भिंतीची ताकद ७५. काठावर. पावसात तीच माती पाण्यानं भरली की मातीचं पाण्यातलं वजन घनमीटरला सुमारे १,००० उरतं आणि त्याचा तिसरा भाग ३३०, पण पाणी स्वतःचे पूर्ण १,००० वेगळे देतं. कण एकमेकांना धरतात, पाणी कुणालाच धरत नाही. बेरीज १,३३०, आणि मोमेंट ७३ वरून १६२. आपली काळी माती तर भिजून फुगतेही, तो जोर वेगळाच.

म्हणून खालचे तीन फूट काळ्या दगडाचे, ६० सेंटिमीटर रुंद घ्यायचं ठरलं. वर दोन फूट वीट. त्याची ताकद १६२च्या अडीच पटींहून जास्त भरते. शिवाय मागची भर भिजली तरी पाणी थांबू नये म्हणून पाझराची भोकं. मिस्त्रीला ती पसंत नव्हती. "भोकं ठेवली का भिंत घाण दिसते मॅडम, अन् त्यातून उंदरं शिरते."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आतल्या तोंडाला जाळी बसवायची ठरली आणि पाइप बाहेरच्या बाजूला थोडा उतरता. पाइप ७५ मिलिमीटरचा, दर सव्वा मीटरला एक, त्यामागे गिट्टीचा थर, म्हणजे माती वाहून पाइप चोंदणार नाही. उंचीवरून मात्र आमचं जमेना. तो भिंतीच्या मध्यावर रांग धरत होता, म्हणजे ती फरशीच्या वर राहील. मी वहीतले पट्टे त्याच्यासमोर धरले. मध्यावर भोक ठेवलं तर त्याच्याखालचं पाणी आतच राहतं, आणि निम्म्याहून जास्त जोर तर शेवटच्या पट्ट्यांतच आहे.

त्यानं आकड्यांवरून बोट फिरवलं, २० पासून ३८० पर्यंत. मग ओळंबा बाजूला ठेवून खडूनं नवी रेघ मारली, जमिनीपासून चार बोटांवर.